आज नातीला पाया पडू दिले

सोसायटीच्या या समूहावरील सर्वांस सविनय नमस्कार.

जिन्यावरून पडून माझ्या मणक्यातील नसांना इजा झाली, तेव्हापासून मी चाकांच्या खुर्चीत आहे. पाय हलत नाहीत, परंतु त्यांची आग होते. चादरीचा स्पर्शही सोसत नसे. म्हणून पाया पडू पाहणाऱ्यास मी "दुरूनच नमस्कार" असे सुनावत असे. बाहेरच्या कोणास कारण सांगितले नाही. आबांना गर्व झाला, असे काहीजण म्हणाले. म्हणू दिले.

गेले काही आठवडे डॉक्टर माझ्या डोक्याला यंत्र लावून चुंबकाच्या लहरी देतात. आग पायांत वाटली तरी ती जाणवते मेंदूला, म्हणून उपचारही तेथेच, असे ते सांगतात. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, या निमित्ताने तरी डोक्यात काही शिरेल!"

आज सकाळी नात खराडीतील पहिल्या नोकरीवर निघाली. सवयीने दारातूनच हात जोडून म्हणाली, "येते हं आबा, कॅब आलीये."

"जवळ ये. पाया पड."

"नक्की? दुखेल ना तुम्हाला!"

"पड म्हणतो ना."

तिने बोटे टेकवली. झिणझिण्या आल्या, आग मात्र उठली नाही. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला. "आबा, कॅब!" असे ती म्हणाली, तेव्हा काढला.

हा गुण टिकेल का, हे डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. तूर्त, ज्यांना मी दुरून परत पाठवले, त्यांनी अवश्य यावे. हात मात्र हलकेच लावावा.