कुंकू लावलेली फ्लॉपी

आमच्या सासूबाई म्हणजे साऱ्या गावाच्या अक्का. हळदीची नि विहिणीची गाणी म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. आमच्या पारोळ्याकडे मांडवात विहिणीची गाण्यातून फजिती केल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटतच नाही. मी तेव्हा जळगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सुट्टीत गावी जाऊन अक्कांकडून गाणी उतरवून घ्यायची आणि क्लास सुटल्यावर तिथल्या मशीनवर मराठीत टाइप करायची, असं करत करत त्यांचा सगळा साठा एका मोठ्या, लवचीक फ्लॉपीत मावला. कागद चुलीत गेले. फ्लॉपी मी मोठ्या ऐटीत अक्कांच्या हातात दिली.

त्यांनी ती देवघरात ठेवली. "येनामा मन्हा बठ्ठा गाना शेतस," यात माझी सगळी गाणी आहेत, असं आल्यागेल्याला अहिराणीत सांगायच्या. दसऱ्याला नांगर, तराजू, शिलाई मशीन यांची पूजा होते, तशी तिचीही होऊ लागली. हळद, कुंकू, अक्षता, सगळं साग्रसंगीत. फ्लॉपीच्या उघड्या खाचेतून कुंकू आत जातं हे मला ठाऊक होतं, पण सासूच्या पूजेत कोण बोट घालणार!

पुढे अक्कांना लकवा झाला. वाचाच गेली. पाणी हवं असलं तरी हाताने खूण करायच्या. त्यातच नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, मायना गाना नहीत ते मांडो कसाना?" आम्हा बाकीच्या बायकांना दोन ओळींपुढे काही येत नव्हतं. जे होतं ते फ्लॉपीत.

तोवर जमाना बदललेला. क्लास बंद पडला होता आणि नव्या मशीनना छोटीच फ्लॉपी चालायची. धुळ्यात लग्नपत्रिका तयार करणाऱ्या एका बाईंकडे दोन्ही फ्लॉपी घेणारं मशीन आहे असं कळलं, तशी एसटी पकडली. बाईंनी फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली. "वहिनी, हिची पूजा केलीत की श्राद्ध?" अडला हरी, म्हणून मी हसून घेतलं.

त्यांनी ब्लेडने फ्लॉपीचं काळं पाकीट कापलं, आतली पातळ चकती काढली आणि चक्क साबणाच्या पाण्याने धुतली. चकती पंख्याखाली वाळली, दुसऱ्या फ्लॉपीच्या रिकाम्या पाकिटात गेली, मशीन कुरकुरलं आणि फाइल छोट्या फ्लॉपीवर उतरली. पण नव्या मशीनवर उघडली तर मराठीचा पत्ता नाही! जुना फॉन्ट नसल्याने नुसते कंस आणि टक्क्यांच्या खुणा. मग मला आठवतील त्या ओळी मी सांगायच्या, त्यावरून कुठली खूण म्हणजे कुठलं अक्षर ते बाईंनी ताडायचं आणि फाइलभर बदलायचं. पडद्यावर 'याहीन', म्हणजे विहीण, हा शब्द उमटला तेव्हा आम्ही दोघी ओरडलोच. माझी सख्खी बहीणसुद्धा इतकी खपली नसती. त्या बाईंचे उपकार मी आजही मानते.

लग्नात पोरींनी छापलेले कागद हातात घेतले. "याहीन उनी मांडोमा, लाडू लपाडे पदरमा..." शब्द बरोबर, चाल मात्र भलतीच. खरी चाल काही फ्लॉपीत नव्हती. पोरी अडखळल्या, एकमेकींकडे बघू लागल्या.

मागे खाटेवर अक्कांना टेकवून बसवलं होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि पुढची ओळ त्यांनी म्हटली. चालीसकट, शब्द न् शब्द स्वच्छ. नणंदेने लेकीचा हात सोडून आईचा धरला. ज्यांची फजिती चालली होती त्या विहीणबाईही रडायला लागल्या. गाणं संपेपर्यंत अक्का थांबल्या नाहीत. लकव्यात बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शाबूत राहतं, हे डॉक्टरांकडून मला नंतर कळलं.

मग माझ्याकडे बघून त्यांनी पूर्वीसारखीच हाताने पाण्याची खूण केली.