चौदा दिवे आणि उसाची सावली

“म्याडम, सगळे दिवे एकाच हायमास्टवर चढवा. हायवेवरनं दिसलं पाहिजे,” अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन. मी लायटिंग कन्सल्टंट, ऑफिस नगरला. काम होतं गाडीअड्ड्याचं. वजनाला नंबर लागेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या जिथे थांबतात, ते पार्किंग. तिथे एकच जुना, उंच दिवा होता.

हिशोब अवघड नाही. जमिनीच्या एका चौरस मीटरवर किती उजेड पडतो, ते लक्समध्ये मोजतात. अशा जागेला वीस लक्स पुरतात. अड्डा सहा हजार चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार केला आणि एका दिव्याचा जेवढा उजेड खरोखर जमिनीवर पोचतो, त्याने भागलं. उसाच्या भुशाच्या धुळीने काच मळते, तीही घट धरली. तेराच्या वर आलं, म्हणून चौदा.

“मग झालं की! चौदाच्या चौदा एका खांबावर,” अण्णा खूश.

मला मात्र हायमास्टचा, असल्या एकट्या उंच खांबाचा, मनापासून राग आहे. गावोगावी उद्घाटनाला छान, खाली अंधार तो अंधारच. म्हटलं, “अण्णा, दिवस मावळला की अड्ड्यात एक चक्कर मारू.”

सीझन सुरू होता. जुन्या दिव्याखाली उजेड मोजायचा मीटर धरला, आकडा झकास. मग उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मधे शिरलो. आकडा एकवर आला. अण्णांचा पाय कशाला तरी लागला.

“अवो, पीठ हाय तिथं! बघून चाला की!”

जामखेडकडून ऊसतोडीला आलेल्या कांताबाई भाकरी थापत बसल्या होत्या. नवरा बैलांना पाणी दाखवायला गेला होता.

“इथं कशाला बसता, बाई?” अण्णा वैतागले.

“मंग कुटं बसू? मागल्या साली हितंच ट्रॅक्टर मागं घेताना डायवरनं माझ्या पायावर घातला. त्याला मी दिसलेच न्हाई.” त्यांनी पाय पुढे केला. तीन बोटं नव्हती.

अण्णांनी दोन ट्रॉल्यांमधलं अंतर पावलांनी मोजलं. मग म्हणाले, “खांब रांगांच्या मधनं घ्या. पण ट्रॅक्टर धडकंल त्याला.”

“बुडाला काँक्रीटचा कट्टा बांधू.”

एका खांबावर एक दिवा धरून रांगांप्रमाणे आखणी केली तर सोळा खांब निघाले.

“तुमचं गणित चौदा म्हनत हुतं!”

“ते मोकळ्या मैदानाचं होतं, अण्णा. त्यात ऊस नव्हता.”

हायमास्टचा हट्ट सुटला. पुढच्या सीझनला संध्याकाळी मुद्दाम गेले. ट्रॉल्यांच्या मधे मीटर अठरा-वीस दाखवत होता. कांताबाईंनी एका कट्ट्याच्या आडोशाला चूल मांडली होती. ट्रॅक्टर मागे येत होता. ड्रायव्हरला त्या लांबूनच दिसल्या, त्याने ब्रेक मारला आणि ओरडला, “मावशे, परात घे बाजूला!”

मला इतकं बरं वाटलं की बिलाचं बोलायचं राहून गेलं. तेव्हापासून रिकाम्या पार्किंगचं माप मी घेतच नाही. आधी गाड्या लावा म्हणते, मग दिवे मोजू.