खोरलोची रानगाढवं

खोरलोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो बंद पाडायची ताकद अख्ख्या गोबीच्या वाळवंटात फक्त रानगाढवांत होती. खुलान, म्हणजे तिथलं रानगाढव, दिसला की ही बाई वाक्य अर्ध्यावर सोडून दुर्बीण डोळ्याला लावायची आणि हसत बसायची. साठी उलटली, सहा मुलं वाढवली, उंटांच्या लाथा खाल्ल्या, पण खोड काही गेली नाही. शेजारच्या तळावरच्या बायका तिला 'खुलानांची विहीणबाई' म्हणायच्या. ती उलट विचारायची, "मग मुलगी कधी दाखवता?"

तसा तिचा जीव डोंगरातल्या रानबोकडांवरही होता. लांडग्याचं नाव तिथे कुणी घेत नाही, 'रानातला कुत्रा' म्हणतात. तो सकाळी दिसला तर तिचा दिवस आनंदात जायचा. पण खुलान तो खुलान. लहानपणी बापाने तिला कोरड्या नदीच्या पात्रात नेऊन खुलानांनी खुरांनी उकरलेला खड्डा दाखवला होता. तळाशी ओंजळभर पाणी होतं, आणि तिने ते पालथं पडून प्यायलं होतं.

त्या उन्हाळ्यात विहीर आटली. शेजारी केव्हाच निघून गेले होते. दुसरी विहीर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि खोरलोकडे साठ करडं, गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत. पिंपात जेमतेम एका दिवसाचं पाणी उरलं होतं.

"म्हातारे, उद्या तंबू उतरवू," नवरा दामदिन म्हणाला. "पोचतील ती करडं आपली."

"आणि न पोचतील ती?"

दामदिनने तपकिरीची बाटली नुसतीच या हातातून त्या हातात केली.

"थांब, पात्रात माझ्या लाडक्यांचे खड्डे असतील की!" म्हणत ती निघालीसुद्धा.

पात्रात एकही खड्डा नव्हता. दरवर्षीच्या जागी वाळू सपाट. तिने हाताने उकरलं, तर आत दगड आणि उंटाचं शेण चेपून भरलेलं. ती तरातरा परत आली.

"म्हाताऱ्या, वारा फावडं कधीपासून चालवायला लागला?"

दामदिनने मान खाली घातली. "वसंतात आपल्या उंटिणीचं पिल्लू त्यात पडून पाय मोडून बसलं ना... डोकं फिरलं माझं. सगळे बुजवले. मोटरसायकल घालून त्यांना हाकललंही."

"मग आता उकर!"

"दोन दिवस चोरून उकरतोय, आणि तुला दिसू नये म्हणून परत बुजवतोय. सहा जागा झाल्या. सगळ्या कोरड्या ठणठणीत."

चाळीस वर्षांच्या संसारात खोरलो पहिल्यांदाच खुलान समोर नसताना गप्प बसली. दामदिन तहानेला भ्याला नव्हता तेवढा त्या गप्प बसण्याला भ्याला.

संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी, पात्राच्या वळणावर, तिला ओली लीद सापडली. पहाटे तिने नवऱ्याला तिथल्या दगडांआड पालथं पाडलं. वारा समोरून येत होता. तपकिरीची बाटली तिने जप्त केली.

"शिंकलास तर इथेच पुरेन."

"एक चिमूट तर ओढलीय निघताना."

"तुझं नाक, तू सांभाळ."

ऊन डोंगरावर चढलं आणि अकरा खुलान उतरले, दोन पिल्लं सोबत. म्होरकी मादी वाळू हुंगत फिरली, एका जागी थबकली आणि पुढच्या पायांनी उकरायला लागली. बाकीचे नीट रांगेत उभे. बऱ्याच वेळाने तिने खड्ड्यात डोकं घातलं आणि वर काढलं तेव्हा नाकपुड्यांतून थेंब गळत होते.

दामदिन उठायला गेला. खोरलोने त्याचा कमरपट्टा धरून खाली ओढलं.

"पिल्लं प्यायची आहेत अजून."

"तिकडे आपली करडं जीभ काढून पडलीत!"

"माहीत आहे. मी काय दगडाची आहे? पण खणलंय त्यांनी."

दामदिन नाक चिमटीत धरून पडून राहिला. पहिलं पिल्लू प्यायलं, दुसरं प्यायलं, आणि मग त्याला अशी शिंक आली की डोंगराने ती दोनदा परत केली. खुलान धुळीत दिसेनासे झाले. खोरलो पोट धरधरून हसली.

दुपारपर्यंत दामदिनने तोच खड्डा कमरेएवढा खोल केला. पाणी गोड लागलं. साठच्या साठ करडं प्याली आणि खोरलोने प्रत्येकाचं ओलं तोंड पुसत त्यांना जगभरच्या गप्पा ऐकवल्या. दामदिन मात्र फावडं ठेवेना. एका बाजूने तो उतार करत बसला होता, पिल्लांना उतरून परत वर येता यावं असा. आपल्याही आणि त्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी खोरलोने त्या पाण्याचा दुधाचा चहा केला. तिथे पहिला डावभर चहा देवाला म्हणून आभाळाकडे उडवतात, आणि तो मान घरच्या बाईचा. ती डाव घेऊन बाहेर पडली, तर दामदिन दारात हात पुढे करून उभा.

"आज मी उडवतो."

"तू? चाळीस वर्षांत कधी?"

"दे गं."

तिने डाव दिला. दामदिनने टोपी नीट केली आणि हात उचलला.

"त्या बाजूला नाही, म्हाताऱ्या," खोरलो म्हणाली. "खुलान वळणाकडून गेलेत."

तो वळला, आणि डावातला सगळा चहा त्याने वळणाच्या दिशेने उडवला.