नीरफणसातला काटा

कुठलीही नवी वस्तू हातात आली की काकी ती कानाशी नेऊन बोटानं टकटक वाजवायची. नारळ, कलिंगड आपण समजू शकतो. पण तिला कुणी दाखवायला आणलेला प्रेशर कुकरसुद्धा तिनं असाच वाजवला आणि "आत काय नाय," म्हणून परत दिला. वाजवून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं : "नाव मागनं इचारू. आधी शिजतंय का बघू."

पेणमध्ये आमच्या शेजारी तिची खानावळ होती. खानावळ म्हणजे ओटीवर मांडलेले पाट. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातली माणसं दुपारी हात धुऊन यायची. शाडू मनगटाच्या वर काही निघायचा नाही, त्यामुळे सगळे करड्या बाह्यांचे सदरे घालून पंगतीला बसल्यासारखे दिसायचे. काकी धरमतरकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. नवरा लवकर गेलेला, मुलगा शाळेत. घर चालायचं ते या पंगतीवर.

मी तेव्हा नवी नवरी होते, रोह्याजवळच्या गावातून आलेली. माहेरी परसात फणसाची झाडं होती, एवढ्या भांडवलावर मी पेणमध्ये फळांची जाणकार म्हणून वावरत असे. मला कुणी काही विचारत नसे, ही गोष्ट निराळी.

आषाढापासून गणपती न्यायला तळकोकणातून एक ट्रक यायचा. त्याचा ड्रायव्हर काकीकडे जेवायचा. एकदा जेवण झाल्यावर त्यानं गोणपाटातून हिरवी, गोल, खरबरीत फळं काढून ओटीवर ठेवली. "नीरफणस. खाऊन बघा," एवढंच म्हणाला आणि गाडी काढली.

काकीनं एक कानाशी नेलं.

"वाजवतेस काय, काकी? फणसच तो. लहानपणी तोडलाय म्हणून असा दिसतो," मी पुढं सरसावले. "पेंढ्यात घालून पिकवायचा. गरे कसे सुटतील बघ."

"तुला म्हाईत हाय?"

"फणसातच वाढलेय मी."

"दिसतंय गो," काकी म्हणाली.

एक फळ तिनं स्वतःकडे ठेवून पाण्याच्या बादलीत टाकलं. बाकीची मी घरी नेली आणि आतल्या खोलीत भाताच्या पेंढ्याखाली निजवली. पुढं काही दिवसांनी घरभर ताडीचा वास सुटला. सासूबाईंनी आधी माझ्या नवऱ्याचं तोंड हुंगलं, मग सासऱ्यांचं. दोघंही निर्दोष सुटल्यावर त्या पेंढ्यापाशी आल्या. पेंढा बाजूला केला तर खाली फळं नव्हतीच. आंबट पिठलं होतं.

"गरे सुटले?" काकीनं कुंपणावरून विचारलं.

"सुटले."

"वास आला."

मग तिनं बादलीतलं फळ काढलं. ते तसंच टणक होतं. विळीला तेल लावून तिनं ते चिरलं. पांढरा चीक आला आणि आत बटाट्यासारखा सलग गर. मी तरीही सुरी घेऊन मधोमध उकरत होते. आठळ्या असणारच, अशी माझी खात्री होती. काकीनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली, काप केले, त्यांना मीठ, तिखट, हळद, कोकमाचं आगळ चोळलं आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर सोडले. खाडीकाठच्या बाईला दुसरं काय सुचणार! पहिला काप खाऊन ती आढ्याकडे बघत राहिली.

"सुरमई," ती म्हणाली.

मी खाल्ला. सुरमईच होती.

श्रावण लागला. आता, श्रावणात आमच्याकडच्या माणसांचे चेहरे कसे होतात ते तुम्ही पाहिलंच असेल. त्यात ही खाडीकाठची माणसं, सुक्या बोंबलाशिवाय ज्यांना घास उतरत नाही. दुधी पाहून ती दुधीसारखीच दिसायला लागली. एका दुपारी कारखान्याचे शेठ स्वतः ओटीवर आले.

"काकी, माणसं कुरकुरतायत. स्टँडजवळ नवीन खानावळ निघालीय. सोमवारपासून तिकडून डबे आणावे म्हणतो."

"बरं," काकी म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. ते तांदूळ सकाळीच निवडून झालेले होते.

त्याच शनिवारी ट्रक आला आणि काकीनं सांगून ठेवल्याप्रमाणे ड्रायव्हरनं नीरफणसांचं पोतंच उतरवलं. रविवारी कारखाना चालू होता, गणपती तोंडावर आले होते. दुपारी पंगत बसली आणि प्रत्येकाच्या ताटात वरणभाताशेजारी दोन लालसर, कुरकुरीत काप पडले. ओटीवर असा आवाज झाला की जणू कुणाला तरी मुलगा झाला.

पंगतीत पहिल्या पाटावर बुवा बसायचे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे. ते सगळ्यांत वडील, श्रावण अत्यंत कडक पाळणारे. ते उठले की पंगत उठायची. बुवांनी काप नाकाशी नेला. परत ठेवला. ताट पुढं सारलं.

"श्रावणात? आणि देवाच्या कामावरच्या माणसांना?"

सगळे हात थांबले. कुणीतरी धावत जाऊन शेठना घेऊन आलं. श्रावणात गणपतीच्या कारागिरांना मासळी वाढली, ही बातमी संध्याकाळपर्यंत पेणभर झाली असती आणि मग काकीच्या ओटीवर भिकारीही बसला नसता.

काकी झारा घेऊन उभी राहिली. "मासळी हाय? मग काटा दाखवा, बुवा. काटा गावला तर आजच खानावळ बंद."

इथं मला काकीच्या मदतीला धावून जावंसं वाटलं. "पण सुरमईला काटे कमीच असतात ना," मी दारातून म्हणाले.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. पुढं मला मुलं झाली, सुना आल्या, पण तशी नजर मला कुणावर टाकता आलेली नाही.

ती आत गेली, एक अख्खा नीरफणस आणून तिनं बुवांसमोर त्याचे दोन तुकडे केले. चीक पाटावर ओघळला. "ह्येचे कल्ले कुठं हायत? शेपूट कुठं हाय?"

बुवांनी आखणीचा चष्मा चढवला. तुकडा उलटासुलटा केला.

"झाडावरचं दिसतंय," बुवा म्हणाले. "पण खात्री केलेली बरी."

त्यांनी ताट जवळ ओढलं आणि गंभीर चेहऱ्यानं एक काप चावून चावून तपासला. काटा नव्हता. दुसरा तपासला. "यातही नाही. आणखी वाढा, एखाद्यात असायचा." पंगतीतल्या प्रत्येकानं मग आपापल्या ताटात शोध सुरू केला. शेठ जरा वेळ उभे राहिले आणि कोपऱ्यातला पाट ओढून बसले. "मलाही वाढ काकी. मालकानं बघितलेलं बरं."

स्टँडजवळच्या डब्यांचं नाव पुन्हा निघालं नाही. पंगत उठल्यावर मी आत गेले तर काकी चुलीपुढं बसली होती. तव्यावर शेवटचा काप करपत होता.

"तवा उतरव गो रोहेकरणी," ती म्हणाली. "माझं हात चालत नायत."

मी तवा उतरवला. त्या दिवसापासून तिनं मला चिरायला बसवायला सुरुवात केली. आधी फक्त कांदे.

पुढं मुलगा नागोठण्याला कंपनीत लागला, कायम झाला, क्वार्टर मिळालं आणि तो आईला न्यायला आला. काकीनं भांडी बांधली, नागोठण्याची गाडी पकडली. ती तिकडेच वारली, त्यालाही आता खूप वर्षं झाली. पण मला विचाराल तर ती गेली ते कळलं ती गाडीत बसली त्याच्या दुसऱ्या दुपारी.

कारखान्यातली माणसं नेहमीसारखी हात धुऊन आली. सगळ्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी तिला स्टँडवर पोचवायला तीच माणसं तर गेली होती. तरी येऊन ओटीवर बसली. पाट नव्हते, म्हणून जमिनीवरच, आपापल्या जागी. दार बंद. पहिल्या जागेवर बुवा. कुणी उठेना. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते.

"बुवा, काकी नाहीत," मी म्हटलं.

"हो," बुवा म्हणाले. "बसलोय जरा."

मी घरात आले. तेवढ्या माणसांचा भात होईल असं पातेलं आमच्याकडे नव्हतं. दोन लहान चढवली.