ताईच्या फॅलेनॉप्सिसचं पाणी

ऑर्किडवाल्यांनो, पहिलं ऑर्किड कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं की मी फॅलेनॉप्सिस सांगतो. तेल्हाऱ्याच्या माझ्या मोठ्या बहिणीलाही दोन वर्षांपूर्वी तेच दिलं. तिकडे बोअरचं पाणी खारं, म्हणून बजावलं होतं, "ताई, याले गोडंच पाणी देजो, नाहीतं मुळं जळतील."

आज सकाळी अकोल्यात कळलं, ताईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डॉक्टरांनी आधी विचारलं, "पाणी कोणतं पिता?"

"बोअरचं," ताई म्हणाली.

मी तिथंच ओरडलो, "अन् ते गोडं पाणी आणत होती ते?"

"तुह्या झाडापुरतं बाटलीभर आणत होती. तूच तं सांगतलं होतं. आमाले सवय हाय, त्याले नाही."

दुपारी तिला घरी सोडलं. सोमवारपासून डायलिसिस आहे. खिडकीत ऑर्किड फुलांनी लगडलेलं, मुळं हिरवीगार. ताईनं सुजल्या पायांनी उठून आधी त्याला बाटलीतलं पाणी घातलं.

दोन वर्षं दर रविवारी फोनवर मी त्या झाडाचं पाणी विचारत होतो. तिचं एकदाही विचारलं नाही.

तुम्ही तुमच्या माणसांना विचारलंय?