खंडेनवमीचा गोळा

शिवलीलाला गावानं दोनदा उचललं. पहिल्यांदा भूकंपाच्या पहाटे, मातीच्या ढिगाऱ्यातून. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि डावा पाय गुडघ्याखाली चेंदला होता. दुसऱ्यांदा यंदा खंडेनवमीला, सत्काराच्या स्टेजवर. पायऱ्या उंच, धरायला काही नाही. "थांबा, मी चढते," ती म्हणत होती, तोवर चौघांनी तिला बसल्या खुर्चीसकट वर नेऊन ठेवलंसुद्धा.

सास्तूरला तिची पिठाची गिरणी आहे. आई आणि थोरली बहीण त्या पहाटेच गेल्या. वडिलांनी, शिवप्पांनी, तिला वाढवलं, गिरणी शिकवली आणि सहा वर्षांमागं तेही लिंगैक्य झाले. तेव्हापासून घरात बोलायला माणूस नाही. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, आणि मग दिवसभर गिरणीची घरघर. माणसं येतात खरी, पण त्या आवाजात बोलणार काय? डबा ठेवायचा, "जाडसर!" म्हणून ओरडायचं आणि निघायचं.

गोळा तिच्या हातात आला तो लातूरला. नकली पाय बसवायच्या शिबिरात शुभांगी नावाची एक थाळीफेक करणारी बाई भेटली. ती स्वतः चाकाच्या खुर्चीत. शिवलीलाचे खांदे बघून तिनं विचारलं, "तुम्ही काय करता हो?"

"पोती उचलते."

"मग गोळा उचलून बघा की."

बसून गोळा फेकणं पोती उचलण्यासारखं नसतं. लोखंडी बैठक जमिनीत खुंट्या मारून पक्की करायची, मांड्या पट्ट्यांनी आवळायच्या, आणि बूड तसूभरही न हलवता तीन किलोचं लोखंड नुसत्या पाठी-खांद्याच्या जोरावर लांब टाकायचं. बूड उचललं की फेक बाद. गावातल्या रामहरी वेल्डरनं तिला बैठक करून दिली. पट्ट्या महागाच्या, म्हणून ती बैलाच्या कासऱ्यानं बांधून घ्यायची.

लाइट गेली की गिरणी बंद, आणि गिरणी बंद झाली की शिवलीला शाळेमागच्या मैदानावर. गळ्यातलं इष्टलिंग खांद्यामागं सारायचं, गोळा मानेशी धरायचा आणि फेकायचा. मग कासरा सोडायचा, नकली पाय चढवायचा, गोळ्यापर्यंत चालत जायचं, खुणेवर खिळा ठोकून टेप अडकवायचा, परत यायचं, मोजायचं, पुन्हा बांधून घ्यायचं. एका फेकीला दहा मिनिटं. सात वर्षं असंच. वाटेनं माणसं जात, पण कुणी थांबत नसे. बिचारीकडं टक लावून बघू नये, असंच ज्याला त्याला वाटायचं. चांगल्या मनानंच वाटायचं, पण वाटायचं.

यंदा तिला राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं आणि गावानं सत्कार ठरवला. मंडळाचे अमरनाथअण्णा घरी आले तेव्हा तिनं एकच मागितलं, "अण्णा, शाल-नारळ नसलं तरी चालंल. दहा मिनिटं द्या. मी गोळा टाकून दावते. गावानं एकदा बघावं."

"दिली की! त्यात काय!" अण्णा म्हणाले.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर तिचा गोळा चौरंगावर मांडलेला. हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. खंडेनवमी ना ती! भाषणं झाली. भूकंपानं काय काय नेलं ते सगळ्यांनी सांगितलं. गोळा किती लांब गेला, ते कुणीच सांगितलं नाही. शेवटी तिनं हळूच म्हटलं, "अण्णा, आता टाकू का?"

अण्णांनी जीभ चावली. "अगं लीले, पूजेला लागलाय की गं गोळा. आज अवजाराला हात लावत्यात व्हय? ध्यानातच आलं न्हाय बघ."

सकाळी तिनंच गिरणीला हळद-कुंकू लावून पट्टा उतरवून ठेवला होता. आजच्या दिवशी औताला, विळ्याला, गिरणीला विसावा. मग गोळ्यालाच तेवढी सूट कशी मागायची?

"उद्या दसरा. चारला समदी येतो मैदानावर," अण्णा म्हणाले. "शब्द हाय माझा."

दसऱ्याला साडेतीनलाच तिनं स्वतःला बांधून घेतलं. चारच्या सुमाराला माणसं आली. नवे कपडे, हातात आपट्याची पानं. शिलंगणाची वाट मैदानावरूनच जाते. प्रत्येकानं तिच्या हातात सोनं दिलं. "सोन्यासारखी राहा," म्हणत कुणी तिच्या पायाही पडलं. ओंजळ भरली, पानं गोळ्यावर सांडली. पण थांबलं कुणी नाही.

"अण्णा, चार वाजले."

"व्हय की. पालखी निघाली बघ. ती शिवंला लागली की आलोच."

कासऱ्यानं बांधलेल्या माणसाला मागं धावता येत नाही. मैदान रिकामं झालं. हलगी लांब जात राहिली. शिवलीलानं डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं, पानं बाजूला ठेवली, आणि तेवढ्यात गुडघ्यावर हात ठेवत जगदेवी अक्का आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या. सगळ्यांच्या मागं पडलेल्या.

"घे गं बाई सोनं. ही समदी मला टाकून पळाली."

सात वर्षांत शिवलीलानं कुणाला कधी हात लावायला सांगितलं नव्हतं. आज तोंडातून निघून गेलं, "अक्का, जरा टेप धरता का? गोळा पडंल तिथं."

"मला न्हाय येत ते."

"धरायचाच हाय नुसता."

अक्का पदर खोचून लांब जाऊन उभ्या राहिल्या. शिवलीलानं फेकला. धप्पकन आवाज झाला तशी अक्का दोन पावलं मागं उडाल्या. "अगं बया! बसून? एवढं लांब?"

खुणेवर टेप धरून त्या तिथंच वाकून राहिल्या, मग म्हणाल्या, "राग धरू नगं, लीले. मला वाटलं, तुमा लोकांस्नी असंच देत्यात पदक. पाय न्हाय म्हणून."

शिवलीलानं टेपचं आपल्याकडचं टोक ताणलं. गावात इतकं खरं तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"किती झालं?" अक्का ओरडल्या.

"सात मीटर बहात्तर."

"पदकाला किती व्हतं?"

"आठ चार."

"मग हे कमीच की!" अक्कांनी गोळा दोन्ही हातांनी पोटाशी उचलला. "आई गं, केवढं वझं हे." धापा टाकत आणून तिच्या मांडीत ठेवला. "पुन्यांदा टाक." आणि परत खुणेवर जाऊन उभ्या राहिल्या.

शिवेवर पालखी टेकल्याची हलगी वाजत होती. शिवलीलानं कासरा आणखी आवळला, गोळा मानेशी घेतला आणि हाक दिली, "अक्का, मागं सरका. अजून मागं."