नावानिशी प्रार्थना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणाचं उणं चारचौघांत काढायचं असलं, तर बायका त्या माणसासाठी प्रार्थना करत. डोळे मिटलेले, आवाज मवाळ, आणि पित्याला सांगायच्या निमित्ताने सगळं बाहेर. मध्येच अडवायची सोय नाही.

बुधवारी प्रार्थनासभेला आम्ही सतरंजीवर गोल बसायचो आणि एकीमागून एक प्रार्थना करायचो. एकोणीसशे सत्तरच्या आसपास अशाच एका सभेत शेजारच्या मावशीने माझं नाव घेतलं. हे दयाळू पित्या, सीताबर्डीच्या थेटरात परक्या पुरुषासोबत बसणाऱ्या या लेकराला सांभाळ. तो परका पुरुष म्हणजे फौजेतून रजेवर आलेला, मिशा वाढवलेला माझा सख्खा भाऊ. पण सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि त्यांत माझी होणारी सासूही होती. आठवड्याच्या आत लग्न मोडलं. आई समजवायला गेली तर मावशी म्हणाली, "प्रार्थनेत कोणी खोटं बोलते का वं?"

मी तिच्यावर दात धरला. तीन वर्षं रविवारी शांतीवरचे संदेश ऐकले, एकही आत उतरला नाही. मग तिचा मुलगा, माझ्याच कचेरीतला, दारू पिऊन कामावर आला आणि घरी बसवला गेला. मावशीने ते सगळ्यांपासून लपवलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? टायपिंग करता करता मी प्रार्थना जुळवली आणि पाठ केली. हे दयाळू पित्या, दारूच्या गुत्त्यात पडलेल्या या लेकराला सांभाळ. सुरुवात मुद्दाम तिचीच ठेवली.

पुढची सभा आमच्या घरी होती. मी मावशीला अगदी खेटून बसले, म्हणजे तिच्यामागून माझीच पाळी. तिची पाळी आली तशी तिने पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "प्रभू, पोरगं दारू पिऊन राहिलं. नोकरीवरून काढलं त्याले."

हातातोंडाशी आलेला माझा घास तिनेच उचलला. वरून मिटल्या डोळ्यांनी चाचपडत माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "आता तू मांग वं त्याच्यासाठी. मले शब्द नाही सुचून राहिले."

माझ्याजवळ दुसरे शब्द नव्हते. पाठ केलेलेच म्हटले, नावानिशी. मावशी रडत आमेन म्हणाली, आणि माझ्या पोटातला तीन वर्षांचा जाळ विझला. मी मागितलं नव्हतं. त्या शांतीचा मला दोन दिवस राग येत होता.

माझ्या प्रार्थनेत बळ आहे, असं मावशी मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची. थेटराबद्दल तिने कधी क्षमा मागितली नाही, आणि ती प्रार्थना मी कशासाठी जुळवली होती, ते मीही तिला कधी सांगितलं नाही.